मूठभर मातीची साक्ष



न्यायालयात साक्षीदार उभा राहिला म्हणजे तो काय सांगतो हे ऐकण्याआधी एक गोष्ट पाहिली जाते : हा मनुष्य त्या प्रसंगी तेथे हजर होता काय? जो तेथे नव्हताच, त्याची जबानी कितीही सुसंगत असली तरी तिला मोल नाही. शेतीच्या कामातही असा एक साक्षीदार असतो. शेतातून काढून, पिशवीत बांधून प्रयोगशाळेत पाठविलेली मूठभर माती हीच ती साक्षीदार. चुना घालावा की नको, पालाश किती द्यावे, शेणखताची गरज आहे की नाही, या सर्व गोष्टींचा निवाडा तिच्या जबानीवरून होतो. अलीकडे ही माती गोळा करण्याचे आणि ती तपासण्याचे काम यंत्रे आपण होऊन करू लागली आहेत. त्या यंत्रांची ओळख करून द्यावी आणि त्यांच्यामुळे माणसाची जबाबदारी किती कमी झाली हे तपासून पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा उंबरठा विद्यार्थिदशेत आम्ही क्वचितच ओलांडला असेल. असे असता या विषयावर लिहिण्याचे धाडस आम्ही का करतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एवढेच की, आमच्या हातून घडलेल्या एका चुकीने हा विषय आम्हांस शिकविला. ती चूक कोणती, ते योग्य स्थळी सांगूच.

एका ग्रॅमचा हिशेब

प्रथम थोडे गणित करू. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर जमीन. भातासारख्या पिकाची बहुतेक मुळे वरच्या पंधरा सेंटिमीटरांच्या थरात असतात. तेव्हा त्या थराचे घनफळ झाले १,५०० घनमीटर. एका घनमीटर मातीचे वजन सुमारे दीड हजार किलो धरले, तर एका हेक्टरातील या थराचे वजन २२ लाख ५० हजार किलो भरते. यातून आपण प्रयोगशाळेत पाठवितो अर्धा किलो. त्या अर्ध्या किलोतून सेंद्रिय कर्ब मोजण्यासाठी प्रयोगशाळा घेते अवघा एक ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. म्हणजे हा एक ग्रॅम २२५ कोटी ग्रॅमांच्या वतीने बोलतो! आपल्या देशाची लोकसंख्या सुमारे १४० कोटी आहे. साऱ्या भारताच्या वतीने एकाच मनुष्याने बोलावे आणि त्याचे बोलणे सर्वांना बांधून ठेवावे, त्याहूनही हे अवघड काम आहे.

म्हणूनच नमुना घेणे हे मातीच्या परीक्षणातील सर्वांत हलके दिसणारे, परंतु सर्वांत जोखमीचे काम होय. प्रयोगशाळेतील तराजू कितीही सूक्ष्म असला तरी तो पिशवीत आलेल्या मातीचेच वजन करणार. पिशवीत जी माती आलीच नाही, तिच्याविषयी तो काय सांगणार?

नमुना कसा घ्यावा

शेताचा रंग, उतार, पीक व पाण्याची सोय सर्वत्र सारखी असेल तर ते एक शेत समजावे. ती निराळी असतील तर जितके प्रकार तितके नमुने घ्यावेत. आमच्या गोव्यात तर हा नियम फारच जपून पाळावा लागतो. खाडीकाठचे खाजन, डोंगरउताराची मोरड आणि झऱ्याच्या पाण्यावरचे कुळागर ही एकाच कुटुंबाच्या मालकीची असली तरी त्यांच्या मातीचे स्वभाव एकमेकांशी मिळत नाहीत. खाजनात भरतीच्या पाण्याने मीठ येते. मोरडीवर मुसळधार पाऊस मातीतील चुना व मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि माती आम्ल होते. या दोघींची माती एका पिशवीत कालवली, तर जी तिसरीच माती तयार होते ती जगात कोठेही नसते.

शेत ठरल्यावर त्यात नागमोडी चालत पंधरा-वीस जागा निवडाव्यात. बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीलगतची, गुरे बांधण्याची, खताचा ढीग होता तेथली जागा वर्ज्य करावी. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा दूर सारून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या एका बाजूची, वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची खाप काढावी. वरवरची माती खरवडून चालत नाही, कारण वरच्या दोन बोटांत जे असते ते खालच्या चार बोटांत असेलच असे नाही.

सर्व खापा स्वच्छ कापडावर एकत्र करून ढेकळे फोडावीत, खडे व मुळे वेचून टाकावीत आणि माती गोल पसरून तिचे चार भाग करावेत. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत, उरलेले दोन पुन्हा मिसळावेत. अर्धा किलो उरेपर्यंत हे करीत राहावे. माती सावलीत वाळवावी आणि स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. रासायनिक खताची रिकामी पिशवी घरात हाताशी असते, म्हणून तीच वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे केल्यास आपण मातीचे नव्हे, पिशवीचे परीक्षण करून घेतो. आत एक चिठ्ठी घालावी. तीवर शेतकऱ्याचे नाव, सर्व्हे नंबर, मागचे व पुढचे पीक आणि तारीख शिसपेन्सिलीने लिहावी, कारण ओल लागली की शाई पसरते.

प्रयोगशाळेतील प्रश्नोत्तरे

प्रयोगशाळेत ही माती दळून, चाळून तिला निरनिराळे प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न आम्लतेचा. डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली आम्लता मोजण्याचे ‘पीएच’ हे माप सुचविले. सात हा आकडा उदासीनतेचा; त्याखाली आम्ल, वर अल्क. यात ध्यानात धरण्यासारखी गोष्ट अशी की, एकेक आकडा खाली उतरताना आम्लता दसपट वाढते. पीएच पाच असलेली माती सहा पीएचच्या मातीहून थोडीशी नव्हे, दहा पट आम्ल असते.

दुसरा प्रश्न स्फुरदाचा, आणि येथे एक बोधप्रद गंमत आहे. मातीत स्फुरद असतो, परंतु तो सगळाच मुळांच्या हाती लागत नाही. मुळांना मिळू शकेल तेवढाच ओढून काढणारा द्राव वापरावा लागतो. आम्ल मातीसाठी ब्रे आणि कुर्ट्झ यांनी १९४५ साली एक द्राव सुचविला. चुनखडीच्या अल्क मातीसाठी ओल्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली दुसरा सुचविला. जेथे जो योग्य तेथे तोच वापरावयाचा. माणसाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारला तरच नीट उत्तर मिळते. मातीचेही तसेच आहे.

भारतात माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळांचा पद्धतशीर आरंभ १९५५-५६ साली झाला. पुढे १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. या पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, पीएच, क्षारता व सेंद्रिय कर्ब अशा बारा गोष्टी नोंदविल्या जातात. सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायती जमिनीत अडीच हेक्टरांस एक आणि जिरायती जमिनीत दहा हेक्टरांस एक असा नमुना घेण्याचा नियम होता. कोट्यवधी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचावयाचे तर असा काही नियम करावाच लागतो. पण दहा हेक्टरांत किती कुटुंबांच्या चोंढ्या-तुकड्या सामावतात, हे आमच्याकडील मुलांना सांगावयास नको. अशा वेळी पत्रिकेवर नाव आपले असले, तरी माती शेजाऱ्याच्या शेतातील असण्याचा संभव राहतो. नमुन्यांची संख्या वाढवावी तर माणसे कोठून आणावयाची? या अडचणीतूनच यंत्राचा विचार पुढे येतो.

यंत्र शेतात उतरते

माणसाचा हात न लागता मातीचा नमुना घेण्याचा एक मोठा प्रयोग कोणत्याही शेतात नव्हे, तर चंद्रावर झाला, हे वाचून तुम्हांस नवल वाटेल. सप्टेंबर १९७० मध्ये सोव्हिएत रशियाचे ‘लूना १६’ हे निर्मनुष्य यान चंद्रावर उतरले, त्याने आपल्या गिरमिटाने सुमारे पस्तीस सेंटिमीटर छिद्र पाडले आणि १०१ ग्रॅम चांद्रमाती घेऊन ते पृथ्वीवर परतले. २००८ साली अमेरिकेचे ‘फिनिक्स’ यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरले. त्याने यांत्रिक हाताने माती उचलली, पृथ्वीवरून नेलेल्या पाण्यात ती कालवली आणि तिचा पीएच मोजला. तो सुमारे ७.७ निघाला. ज्या मंगळावर गवताचे एक पातेही उगवत नाही, तेथल्या मातीची आम्लता मनुष्याला ठाऊक आहे. आणि ज्या शेतातील भात आपण दोन वेळा जेवतो, त्याची आम्लता आपल्यांपैकी किती जणांना सांगता येईल?

शेतीत या विचाराचे मूळ जुने आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात लिन्स्ली आणि बाउअर या दोघांनी १९२९ सालीच शेतकऱ्यांना सुचविले होते की, शेतात ठरावीक अंतरांवर माती तपासा, आम्लतेचा नकाशा काढा आणि चुना सरसकट न टाकता जेथे हवा तेथेच टाका. युक्ती उत्तम होती, परंतु नकाशावरचा बिंदू शेतात पुन्हा अचूक सापडविणे कठीण होते. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरविण्याची सोय झाली, आणि मे २००० मध्ये नागरी उपयोगासाठीच्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली चूक अमेरिकेने काढून टाकली, तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

आज अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात अडीच एकरांचा एक चौकोन आखून प्रत्येक चौकोनातून नमुना घेण्याची रीत रूढ आहे. शेकडो एकरांच्या शेतात हे काम माणसाने करावयाचे म्हणजे दिवसभर चालणे आणि हजारदा नळी जमिनीत खुपसणे. पहिल्या शंभर वेळा हात नळी पुरेशी खोल दाबतो. पुढे ऊन चढते, जमीन कठीण लागते आणि नळी चार बोटे वरच थांबते. नांगरट न केलेल्या शेतात स्फुरद व पालाश वरच्या थरात साठलेले असतात. त्यामुळे उथळ नमुना जमीन आहे त्याहून श्रीमंत असल्याचे सांगतो आणि शेतकरी फसतो.

याच दोषावर इंडियाना राज्यातील ‘रोगो’ या कंपनीने ‘स्मार्टकोर’ नावाचे स्वयंचलित यंत्र काढले. ते उपग्रहाच्या आधाराने ठरल्या जागी आपण होऊन जाते, गिरमिट प्रत्येक वेळी सारख्याच खोलीपर्यंत उतरविते आणि माती गोळा करते. काही वर्षांनी पुन्हा तपासणी करावयाची असेल, तर त्याच जागेवर परत येणेही त्याला साधते. त्याला ऊन लागत नाही, भूक लागत नाही, आणि पंधरावे छिद्र ते पहिल्याइतक्याच निष्ठेने पाडते.

दुसऱ्या प्रकारची यंत्रे माती उचलूनही नेत नाहीत. कॅन्सस राज्यातील सलायना येथील ‘व्हेरिस’ कंपनीची अवजारे ट्रॅक्टरमागे चालता चालता जमिनीतून वीज कितपत वाहते ते मोजतात. चिकणमाती, ओल व क्षार जास्त असतील तर वीज अधिक सहज वाहते. यावरून शेताचा नकाशा तयार होतो. याखेरीज मातीवर अवरक्त प्रकाश टाकून, परत आलेल्या किरणांवरून तिच्यातील कर्बाचा अंदाज करणारी उपकरणेही आहेत. परंतु लक्षात ठेवा, हा अंदाज आहे. ज्या प्रकारच्या मातीवर त्या उपकरणाला आधी शिकविले असेल, त्याच प्रकारच्या मातीत तो बरोबर येतो. दूरदेशीच्या मातीवर शिकलेले उपकरण आमच्या जांभ्याच्या तांबड्या मातीवर आणले, तर त्याला येथील नमुन्यांवर नव्याने धडे द्यावे लागतील. तसेच विजेच्या वहनावर चालणारे अवजार खाजनात नेले, तर मिठाचा आवाज एवढा मोठा असेल की बाकीचे काही त्याला ऐकू येणे कठीण.

आमची चूक

आता आमच्या चुकीकडे वळू. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला आम्ही एक उपक्रम दिला होता. प्रत्येकाने आपल्या घरच्या शेताचा नमुना पंधरा जागांवरून घ्यावा आणि शाळेमार्फत तो तपासणीस पाठवावा. एका विद्यार्थ्याने आपल्या वडिलांच्या मोरडीचा नमुना आणला. चिठ्ठी स्वच्छ अक्षरांत लिहिलेली, पिशवी नीट बांधलेली. ‘जागा पंधरा’ असे त्याने लिहिले होते. आम्ही ते वाचले आणि खाली सही केली.

अहवाल आला तो आनंदाचा होता. पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब उत्तम, आम्लता नाममात्र. वर्गात आम्ही तो मोठ्याने वाचून दाखविला. मुलाच्या वडिलांनी शाळेच्या कागदावर विश्वास ठेवला. त्यांनी त्या वर्षी चुना आणला नाही, पालाशही घेतले नाही आणि गोठ्यातील शेणखत दुसऱ्याला विकून टाकले. सरदाचे भात पोटरीत आले तेव्हा जुन्या पानांच्या कडा करपू लागल्या. कापणीला पाहतात तो लोंब्यांत पोचट दाणेच फार. त्या घराचे वर्षाचे तांदूळ त्याच शेतावर अवलंबून होते. दिवाळीनंतर त्यांना दुकानातून तांदूळ विकत घ्यावे लागले.

सहलीची वर्गणी त्या मुलाने दिली नव्हती, म्हणून आम्ही चौकशी केली. तेव्हा रडत रडत त्याने खरे सांगितले. सहा खड्डे खणून झाल्यावर ऊन तापले, जमीन लोखंडासारखी लागू लागली आणि मित्र नदीवर वाट पाहत होते. उरलेली माती त्याने गोठ्याजवळच्या एकाच कोपऱ्यातून, हाताने उकरून भरली. त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे शेण आणि चुलीची राख पडत असे. राखेत पालाश असते आणि ती आम्लता मारते, हे आता तुम्हांस कळलेच असेल. पिशवीतल्या मातीने खोटे काहीच सांगितले नव्हते. तिने उकिरड्याची हकीकत प्रामाणिकपणे सांगितली. ती शेताची आहे असे लिहिले ते आम्ही.

‘आम्ही’ हा शब्द येथे केवळ लेखनाच्या रीतीने वापरलेला नाही. चौदा वर्षांच्या मुलाने कंटाळा केला, यात नवल ते काय? परंतु एकदाही शेतावर न जाता, त्या पंधरा जागा न पाहता सही करणारे मास्तर आम्हीच होतो. क्षमा मागावयास आम्ही त्यांच्या घरी गेलो. आमचे बोलणे ऐकून घेऊन ते वडील कोकणीत शांतपणे एवढेच म्हणाले, “माती फट उलयना, मास्तर. तिका विचारपाक जाय.” माती खोटे बोलत नाही, तिला विचारले पाहिजे. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आम्ही, तो मुलगा आणि ते स्वतः असे तिघे मिळून शेतात उतरलो. पंधराच्या पंधरा जागा त्यांनी दाखविल्या. कोपरा कोठे संपतो, पाणी कोठे तुंबते, कोणता तुकडा त्यांच्या वडिलांनी मागाहून जोडला, हे सारे चालता चालता ते सांगत गेले. त्या नमुन्याचा अहवाल अगदी उलट आला : माती चांगलीच आम्ल, पालाश तुटपुंजे.

यंत्राकडून काय घ्यावे

ही हकीकत सांगितली म्हणजे कोणी म्हणेल, तेथे स्वयंचलित यंत्र असते तर हा घोटाळा झालाच नसता. हे बऱ्याच अंशी खरे आहे. यंत्राने सातवे छिद्र टाळले नसते, खोली कमी केली नसती आणि प्रत्येक छिद्राची जागा नोंदवून ठेवली असती. थकव्यामुळे येणारे असत्य यंत्र दूर करते, हा त्याचा फार मोठा उपकार आहे आणि तो मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

परंतु कोणीतरी सांगितल्याशिवाय यंत्राला हे कळले नसते की, त्या कोपऱ्यात राख पडत असे. नकाशावर चौकोन आखणारा बिंदू कोठे ठेवतो, त्यावर सारे अवलंबून असते. चुकीच्या जागी पाठविलेले यंत्र चुकीची माती अत्यंत अचूकपणे आणून देते. आणि त्यावर छापलेले आकडे दिसतात मात्र फार भारदस्त! आमच्या सहीने तो शेतकरी फसला, तसा उद्या यंत्राच्या आकड्याने फसू शकेल. म्हणून यंत्राची अचूकता आणि घरच्या माणसांची माहिती यांची जोड पडली पाहिजे. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. चोंढ्या-तुकड्यांच्या आमच्या शेतांत मोठी यंत्रे फिरविणे सोपे नाही. पण त्यांची शिस्त अंगी बाणविण्यास पैसे पडत नाहीत. सारखी खोली, ठरलेल्या जागा आणि खरी नोंद, एवढेच ते यंत्र करते. कुदळ आणि फूटपट्टी घेऊन ते आपणही करू शकतो.

येत्या मे महिन्याच्या सुट्टीत, पहिला पाऊस पडण्यापूर्वी, आपल्या घरच्या शेताचा किंवा परसाचा नमुना घ्या. घरातील वडीलधाऱ्या माणसास बरोबर न्या. आजोबा किंवा आजी असतील तर फारच उत्तम. प्रथम वहीत शेताची आकृती काढा, राखेची, गुरांची, पाण्याची जागा तीवर दाखवा आणि मगच पंधरा बिंदू मांडा. जितके खड्डे खणाल तितकेच लिहा. सहाच खणले असतील तर ‘सहा’ असे लिहून आणा. तो नमुना आम्ही परत करू, पण रागावणार नाही. शाळेत पिशवी दिल्यावर आम्ही स्वतः शेत पाहावयास येऊ, आणि त्यानंतरच चिठ्ठीवर सही करू.